सातमच्या सकाळची गरम केळी

आमच्या घरात एक तवा आहे, तसा बाजारात मिळत नाही. बाबांनी तो स्वतःच्या हातानं बनवला होता. बाबा वेल्डर. कोयलीला रिफायनरी उभी राहत होती तेव्हा एका ठेकेदाराबरोबर खानदेशातून आले आणि इकडचेच झाले. जाड प्लेटचा गोल तुकडा, ठोकून मध्ये थोडा खोलगट केलेला, आणि त्याला पाइपची हातभर दांडी. एवढी लांब दांडी कशाला, असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "वेल्डरची बायको आहे. घरात एकानं भाजून घेतलं तेवढं पुरे."

आईला हा विनोद आवडत नसे. तवा मात्र आवडे, कारण त्यात केळी चांगली शेकायची.

हे केळ्यांचं आधी सांगते. आई रावेरकडची. तिचे आईवडील केळीच्या बागांमधून मजुरीला जायचे, मोठी झाल्यावर तीही जायची. घड गाडीत चढवताना जी केळी गळून पडत, दबत, काळी पडत, ती मजुरांची. पण पिकून काळं पडलेलं केळं रोज रोज कच्चं खाववत नाही. मग बागेच्या बांधावरच तीन दगड मांडायचे, तवा ठेवायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि केळी उभी चिरून पालथी घालायची. खालची बाजू तांबूस झाली की वर गुळाचा खडा आणि मिठाची कणी. गूळ वितळून कडेला फेसाळला की उतरवायचं. भाकरी असली तर भाकरीशी, नसली तर तशीच. ही त्यांची न्याहारी. हल्ली मोठ्या हॉटेलात असलंच काहीतरी बशीत घालून, वर आइस्क्रीमचा गोळा ठेवून देतात. मुलानं मला एकदा नेलं होतं. मी खाल्लं. चांगलं होतं. आमचं ते भुकेचं खाणं होतं, एवढाच फरक.

बडोद्याला आलो तेव्हा मी आठ वर्षांची आणि धाकटी बहीण तीन वर्षांची. गाव बडोदं म्हणायचं, पण आम्ही राहायचो कोयलीजवळ, पत्र्याच्या खोल्यांच्या एका लाइनीत. सात खोल्या आणि एक नळ. सहा घरं गुजराती, सातवं आमचं. खोलीत मातीची चूल होती आणि बाहेर, दारासमोर, सगडी. शेगडीला तिकडे सगडी म्हणतात, महिन्याभरात आम्हीही म्हणायला लागलो. जुन्या बादलीला आतून माती लिंपून केलेली, खाली कापून राखेसाठी तोंड ठेवलेलं. रविवारी सकाळी आई सगडीवर केळी शेकायची. बहिणीला चटका बसेल म्हणून फुंकून फुंकून द्यावं लागे, आणि फुंकायचं काम माझं.

आमच्या शेजारच्या खोलीत एक म्हातारी होती, तिला सगळी लाइन 'बा' म्हणायची. तिच्या बोलण्याला तिकडे वजन होतं. आमचा तिथला पहिलाच श्रावण. वद्य षष्ठीच्या सकाळी सहाही घरांतून तळणाचा वास यायला लागला. पुऱ्या, वडे, थेपले. बा आमच्या दाराशी आली आणि आईला समजावून सांगितलं, "बेन, काले शीतळा सातम. आजे रांधी लेवानुं, काले ठंडु खावानुं. चूलो ठारी देवानो. छोकरां माटे." म्हणजे उद्या शीतळा सप्तमी, आज रांधून ठेवायचं, उद्या थंड खायचं, चूल विझवून गार करून ठेवायची. रात्री शीतळा माता येते आणि चुलीत लोळते. चूल गार असली की तिला बरं वाटतं आणि ती मुलांना राखते. गरम असली की ती भाजते. पुढचं बानं सांगितलं नाही, नुसता हात हलवला.

आईला सगळं समजलं. तिनं पुऱ्या केल्या, सुकी भाजी केली. संध्याकाळी चूल राखेसकट साफ केली, शेणानं सारवली, कुंकू लावलं, बाच्या घरी बघून आली आणि तशीच कापसाची माळही वाहिली. तिनं सगळं केलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढची पन्नास वर्षं आई असं बोलली की जणू तिनं त्या दिवशी काहीच पाळलं नव्हतं.

बहिणीला चार दिवस ताप होता. डोळे लाल, नाक वाहत होतं. काही खात नव्हती. सातमच्या सकाळी आईनं थंड पुरीचा तुकडा दह्यात बुडवून तिच्या तोंडाला लावला. तिनं तो थुंकला. दुसरा लावला, तोही थुंकला. मग म्हणाली, "गलम केळं."

आई बराच वेळ दारात उभी राहिली. चुलीकडे बघितलं. चूल गार होती, कुंकू लावलेली. मग बाहेर सगडीकडे बघितलं. आईचा हिशेब सरळ होता. देवी येते ती चुलीत येते. सगडी म्हणजे काही चूल नव्हे. ती बाहेर असते, उचलून इकडची तिकडे ठेवता येते. तिला कुणी कुंकू लावत नाही. बानंही चूल ठारायला सांगितलं होतं, सगडीचं नाव काढलं नव्हतं.

तिनं कोळसे घातले, विंझण्यानं वारा घातला आणि तवा ठेवला. तूप घरात चमचाभर होतं, ते सगळं सोडलं. बहीण माझ्या मांडीवर बसली. मी फुंकून दिलं आणि तिनं खाल्लं. चार दिवसांत पहिल्यांदा खाल्लं, दोन केळी. हनुवटीवरून गूळ ओघळला. तव्यात दीड केळं उरलं ते मी खाल्लं आणि बोटानं तवा पुसून घेतला.

तेवढ्यात बा देवळात जायला निघाली होती. हातात पाण्याचा लोटा. सगडी बघून थबकली.

"बेन! आ शुं कर्युं?"

आई मराठीतच म्हणाली, "बा, चूल गारच आहे. येऊन बघा. ही तर सगडी आहे."

बा पुढे आली आणि लोट्यातलं देवीचं पाणी सगडीत ओतलं. चर्रर्र झालं, राख वर उडाली, आमच्या अंगावर आली. मग ती रिकामा लोटा घेऊन नळावर गेली, दुसरं पाणी भरलं आणि देवळाकडे चालती झाली.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या कानामागे पुरळ दिसलं. संध्याकाळपर्यंत अंगभर. गुजरातीत ओरी म्हणतात, आपण गोवर म्हणतो. मग छाती भरली. ठेकेदाराच्या जीपमधून तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. सातमनंतर आठव्या दिवशी ती गेली.

लाइनीतल्या कुणीही आईला एक शब्द बोललं नाही. बा रोज येऊन तिच्याजवळ बसायची, आमचं जेवण तिच्याच घरून यायचं, माझी वेणी तीच घालायची. कुणी काही बोललं असतं तर आईला निदान भांडता आलं असतं.

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं, आठ वर्षांची होते, कळत होतं. मला इतकंच आठवतं की तवा धुवायचा राहिला होता आणि कडेला गूळ चिकटून काळा झाला होता. आणि त्या दीड केळ्याची चव आठवते. बहिणीचा चेहरा तेवढा आठवत नाही. फोटो काढलेला नव्हता.

त्यानंतर आईनं केळी शेकली नाहीत. तव्याला त्याच्या लांब दांडीनं खिळ्यावर टांगलं. भाकरीला दुसरा तवा आणला.

सातम मात्र आईनं अशी पाळली की गुजरातणींनी तोंडात बोट घालावं. आदल्या संध्याकाळी चूल गार, सगडी गार, आणि काड्यापेटी उचलून पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप. देवासमोर उदबत्ती नाही. पुढे गॅस आला तर सिलिंडरचा नळ बंद करून वर नळीच काढून ठेवायची. बाबांना चहा नाही. बाबा थंड थेपला खाऊन कामावर जायचे आणि गेटबाहेरच्या टपरीवर चहा मारायचे. घरी येताना मिशी पुसून यायचे. आई विचारायची, "चहा घेतला का?"

"छे छे. आज सातम ना."

"मग मिशीला साय कसली?"

"दह्याची असेल."

आई हसायची नाही. बाबा एकटेच हसायचे.

मी शिकले. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे सांगताना मला अजून बरं वाटतं, आणि लपवायचं कारण नाही. कोयलीहून बसनं यायचे, डबा बसमध्येच खायचे. बी.एस्सी. झाले, पुढे बी.एड. केलं, दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तिथल्या बाकीच्या शिक्षिका जुन्या बडोद्याच्या, संस्थानच्या काळापासूनच्या घरांतल्या. पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, "तुमचे आजोबा कशात होते?" मी म्हटलं, "केळीत." तिला वाटलं मोठ्या बागा असतील. मी म्हटलं, "बागा दुसऱ्याच्या. आजोबा पाणी भरायचे." नंतर कुणी विचारलं नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात गोवरचं एक पान होतं. मी ते तीनदा वाचलं. जंतू अंगात शिरल्यापासून ताप यायला दहाबारा दिवस लागतात. ताप आल्यावर तीनचार दिवसांनी पुरळ. म्हणजे बहिणीला जो ताप होता तोच गोवरचा होता. सगडी पेटली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. मी पुस्तक घेऊन घरी गेले. मला वाटलं, यासाठीच मी शिकले.

आई पोळ्या लाटत होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाली ठेवलं आणि बोटानं दिवस दाखवत गेले. हा सातमचा दिवस धर. ताप त्याच्या चार दिवस आधी. जंतू त्याच्याही दहाबारा दिवस आधी. तेव्हा तर आपल्याला सातम म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, आई. सगडीचा काही संबंध नाही.

आईनं लाटणं थांबवलं. नीट ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे तिला आधीच झालेलं होतं?"

"हो."

"पंधरा दिवस आधी?"

"हो."

"मग मला कसं कळलं नाही?"

पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. आईनं पोळी पुन्हा लाटायला घेतली. तोपर्यंत तिच्याकडे एक चूक होती, मी तिला दुसरी आणून दिली. त्यानंतर तो विषय मी काढला नाही. वर्गात मात्र दरवर्षी लसीकरणाचा धडा शिकवला, तीस वर्षं. चांगला शिकवायचे.

आता ज्या सकाळबद्दल लिहायला बसले तिच्याकडे येते.

बाबा गेले, माझा नवरा गेला, मी निवृत्त झाले. आम्ही हरणीला एका सोसायटीत टेनामेंटमध्ये राहतो. खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे ओटा आणि त्यावर झोपाळा. मुलगा, सून, त्यांची दोन वर्षांची मुलगी, मी आणि आई. सून गुजराती. मला ती 'मम्मी' म्हणते आणि आईला 'मोटां बा'. मराठी बोलते, मध्येच गुजराती शब्द येतात, माझेही येतात. सातम ती पाळते, तिच्या माहेरची पद्धत आहे. आईच्या कुलपाबिलपाची तिला गंमत वाटायची.

आई तेव्हा ऐंशीच्या आसपास असेल. तिची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. आषाढात तिला ताप आला, तो उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज नको, वरण नको, दूध नको. तोंड मिटून घ्यायची. वार विसरायची, कधी कधी मला बा समजायची आणि गुजरातीत बोलायची. छठच्या, म्हणजे सातमच्या आदल्या दिवशी डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, "उद्यापर्यंत तोंडानं काही गेलं नाही तर दाखल करा. नाकातून नळी घालावी लागेल." आईनं हे ऐकलं. शुद्धीत होती. माझं मनगट धरून म्हणाली, "नळी नको गं. मला घरी राहू दे."

मी म्हटलं, "मग खा."

"खाते," म्हणाली. खाल्लं नाही.

महिनाभर हेच चाललं होतं. मला काही वाटेनासं झालं होतं. चमचा भरायचा, ओठांशी न्यायचा, खाली ठेवायचा. कुणी विचारलं कशी आहेस, तर मी बरी आहे म्हणायचे आणि ते खरंच होतं. काही दुखत नव्हतं.

छठच्या संध्याकाळी सुनेनं गॅस पुसून लखलखीत केला, बर्नरवर कुंकू लावलं, कापूस ठेवला. मला म्हणाली, "मम्मी, आता गॅसला हात नका लावू हं. ठारून ठेवलाय. मोटां बांसाठी दह्यात पुरी कुस्करून ठेवलीय, सकाळी द्या." आणि मग हळू आवाजात, "बेबीची पहिली खरी सातम आहे ना. गेल्या वर्षी आपण सगळे बाहेरगावी होतो."

सकाळी मुलगा पहिल्या पाळीला गेला. सून मुलीला आंघोळ घालत होती. मी आईला उशीला टेकवून बसवलं आणि दह्यातली पुरी पुढे केली. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं. मग भिंतीकडे बघत अगदी स्वच्छ बोलली,

"केळी शेकून दे. गूळ घालून. माझी माय द्यायची तशी."

पन्नास वर्षांत तिनं हे नाव काढलं नव्हतं. आज कोणता दिवस आहे हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. टोपलीत केळी होती, सालीवर काळे ठिपके आलेली, अगदी हवी तशी. एक सफरचंद होतं, एक नासपती. हाताशी गॅस, त्यावर कुंकू. लायटर हुकाला अडकवलेला. गॅस लावणं म्हणजे सुनेचा विश्वास मोडणं, ते मी करणार नव्हते. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. मी बी.एस्सी. आहे. नातीला गोवरची लस देऊन आणणारी मी, कार्ड माझ्याच कपाटात. आणि त्या लायटरकडे माझा हात जाईना. बाथरूममधून मुलीच्या हसण्याचा आणि पाण्याचा आवाज येत होता. मी उभी राहिले. आई अशीच दारात उभी राहिली होती.

मग मी माळ्यावरून सगडी काढली. हिवाळ्यात वांगी भाजायला ठेवलेली, कोळशाची पिशवी तिच्यातच होती. सगडी वाड्यात, म्हणजे मागच्या अंगणात ठेवली, नळाजवळ. जिन्याखाली तवा टांगलेला होता. त्याच्यावर जाळं होतं. चिंचेनं घासला, पुसला. सगळं सावकाश केलं. चूल गार आहे, असं मनात म्हणत होते. ही तर सगडी आहे.

कोळसे धरायला वेळ लागला. पुठ्ठ्यानं वारा घातला. तवा तापला तेव्हा तूप सोडलं आणि आधी सफरचंदाच्या आणि नासपतीच्या पातळ फोडी टाकल्या, त्यांना मऊ व्हायला वेळ लागतो. वर झाकण ठेवलं. मग केळी उभी चिरून, चिरलेली बाजू खाली. दांडी लांब असल्यानं धुरापासून दूर बसता येत होतं. बाबांनी विचार केला होता. केळ्याच्या कडा तांबूस झाल्या. गूळ किसून घातला, मिठाची कणी. गूळ फेसाळला आणि तो वास वाड्यात भरला. मला वाटलं होतं, या वासानं मला काहीतरी होईल. काही झालं नाही. मी फोडी उलटल्या.

खुर्ची आणून आईला मागच्या दाराशी बसवलं होतं, म्हणजे गरम असतानाच देता येईल. पहिला घास मी फुंकला. फुंकायचं काम माझंच. आईनं तोंड उघडलं. चावायला दात नव्हते, जिभेनं दाबून तिनं तो गिळला. मग पुन्हा तोंड उघडलं.

तिसऱ्या की चौथ्या घासाला सून मुलीला टॉवेलात गुंडाळून मागच्या दारात आली. वासानं आली असणार. सगडी बघितली. कोळसे लाल होते. तिचा चेहरा उतरला आणि तिनं मुलीला घट्ट धरलं.

"मम्मी! आ शुं? आज सातम छे!"

आईचं तोंड थांबलं. घास तसाच आत. तिनं माझ्याकडे बघितलं, मग सगडीकडे, मग मुलीकडे. इतका वेळ ती कुठेतरी लांब होती, ती आली. मला ते दिसलं. ओठ मिटले. मला वाटलं, आता थुंकणार. आता नळी.

वर्षानुवर्षं धडा शिकवलेला, पण एक वाक्य सुचेना. नळावर पाण्यानं भरलेली बादली होती, त्यात लोटा होता. सून त्याच्या अगदी शेजारी उभी होती.

सून आईकडे बघत होती. आईच्या हनुवटीवर गूळ ओघळला होता. सुनेनं महिनाभर तेच चमचे भरले होते जे मी भरले. तिला कळत होतं काय चाललंय.

"मोटां बांनी खाल्लं?" तिनं मला विचारलं.

"चार घास."

मुलगी टॉवेलातून हात काढून तव्याकडे दाखवत होती. सुनेनं तिचा हात आत घेतला. मग घसा खाकरून, माझ्याशी नाही, आईशीही नाही, जणू कुणा तिसऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "गॅस तर ठारेलोच आहे ना. सगडीला काय चूलो थोडाच म्हणतात."

आवाज तिचा नेहमीसारखा नव्हता. तिला स्वतःला ते पटलं होतं असं मला वाटत नाही. पण ती म्हणाली.

आईनं घास गिळला. बराच वेळ लागला.

"मीपण तेच म्हटलं होतं," आई म्हणाली. "बाला. मी हेच म्हटलं होतं."

सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नंतर सांगते अशी मान हलवली. ती मुलीला घेऊन आत गेली. देवळात जायची तयारी करायला लागली, कपाट उघडल्याचा आवाज आला. निघताना ती मागच्या दारानं आली नाही, पुढून गेली.

आईनं विचारलं, "तिनं खाल्लं होतं ना?"

कोणी, ते विचारायची गरज नव्हती. तेव्हाचं सांगू शकेल अशी आता मी एकटीच उरले होते. पन्नास वर्षं आम्ही जाळाबद्दलच बोललो होतो, किंवा बोललो नव्हतो. ती जेवल्याचं कुणी कधी बोललं नव्हतं.

"दोन केळी," मी म्हटलं. "पोटभर. माझ्या मांडीवर बसून."

"आवडलं?"

"आणखी मागत होती."

हे खोटं होतं. तिनं आणखी मागितलं नव्हतं, झोपली होती. पण मी एवढं बोलले, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

आईनं तोंड उघडलं. मी घास फुंकला. तिनं एक अख्खं केळं आणि सफरचंदाच्या पाच फोडी खाल्ल्या. उरलं ते मी खाल्लं, तव्यातूनच. सगडीवर पाणी ओतलं नाही. कोळशांची आपसूक राख होऊ दिली, दुपारपर्यंत ऊब होती.

नळी घालावी लागली नाही. आई दिवाळीनंतर गेली, घरी, झोपेत. तोपर्यंत आठवड्यातून दोनदा तरी मी केळी शेकायचे, गॅसवरच. सुनेला मी सगळं सांगितलं. ती ऐकून एवढंच म्हणाली, "मी पाणी ओतलं नाही ते बरं झालं," आणि धुणं वाळत घालायला वर गेली.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या सातमनंतर बारा दिवस मी रोज सकाळी, सून बघत नसताना, नातीच्या कपाळाला हात लावून बघत होते. कानामागेही बघायचे. बाराच दिवस का, तर पुस्तकात तेवढेच दिलेले आहेत. तिला काही झालं नाही. तेराव्या दिवशी तवा जिन्याखालून आणला आणि स्वयंपाकघरात, रोजच्या भांड्यांत ठेवला. दांडी लांब असल्यानं फडताळाचं दार लागत नाही. तसंच उघडं असतं.